बूस्टचं बटण, एजन्सी आणि आमच्या करवंट्या

वर्कशॉपवर आलेलं माणूस वाटी हातात घेतं, उलटसुलट करून बघतं आणि हमखास विचारतं, "ताई, इन्स्टावर आहात ना? मग तिथे थोडे पैसे टाका की. कुठल्या कुठे जाल." सांगणारा आपुलकीनेच सांगत असतो. मी ते ऐकलं आणि पैसे टाकले. पण या वेळी पैसे टाकायच्या आधी वही घातली. १ ऑक्टोबर २०२४ ते ३० सप्टेंबर २०२५ अशी वर्षभराची ती वही आता पुरी झाली आहे. हाताने वस्तू करून विकणाऱ्या माझ्यासारख्यांना उपयोगी पडेल म्हणून त्यातला हिशोब इथे मांडते आहे.

आमचं वर्कशॉप म्हणजे सिंधुदुर्गातल्या आरवली-शिरोडा भागात घराच्या मागल्या पडवीला पत्रे वाढवून केलेली जागा. नारळाच्या करवंटीच्या वाट्या, चमचे, दिवे, कुर्त्याची बटणं आम्ही करतो. मी, नवरा आणि सासूबाई, एवढीच माणसं. कॉलेजात जाणारी पुतणी सुट्टीत मदतीला येते, फोनचं बरंचसं तीच बघते.

आधी वस्तूबद्दल थोडं सांगते, नाहीतर हिशोब कळायचा नाही. नारळाच्या एका अंगाला तीन डोळे असतात. त्यातला एक डोळा मऊ असतो, कोंब तिथूनच फुटतो. त्या बाजूची वाटी केली की कधी ना कधी झिरपते. म्हणून एका नारळातून आमटी ठेवण्याजोगी वाटी एकच निघते, डोळ्यांच्या विरुद्ध बाजूची. तीही नारळ कोयत्याने फोडला असेल तर मिळत नाही, कारण कड वाकडी जाते. त्याला हॅक्सॉ ब्लेडने मधोमध कापावं लागतं. मग बाहेरचा काथ्या खरवडायचा, ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०, शेवटी ४००, धुऊन सावलीत वाळवायची आणि खोबरेल चोळायचं. उन्हात ठेवली की तडा गेलाच. वाळायचा वेळ सोडला तर एका वाटीला सगळं धरून दीड तास जातो आणि ती २८० रुपयांना विकली जाते. हा दीड तास लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वहीत मी फार काही केलं नाही. प्रत्येक बिलापुढे एक जादा रकाना आखला: "आमच्यापर्यंत कसे आलात?" गिऱ्हाइकाने जे सांगितलं ते लिहिलं. वर्षात ३१८ बिलं झाली. त्यातली १४१ दारावर किंवा ओळखीच्या होमस्टेमध्ये ठेवलेल्या आमच्या फळीवरून, म्हणजे वस्तू हातात घेऊन झालेली. ८३ जुन्या गिऱ्हाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवरून पुन्हा मागवलेली. ४६ "मैत्रिणीकडे बघितलं", "बहिणीने नंबर दिला" अशी. २७ जण गूगलच्या नकाशावर शोधत आले. इन्स्टाग्रामवर फुकट टाकलेल्या फोटो-व्हिडिओंवरून १५. आणि पैसे भरून केलेल्या जाहिरातीवरून ६.

शेवटचा आकडा बघून नवऱ्याने वही मिटली आणि म्हणाला, "झालं, विषय संपला." मला मात्र तो तेवढ्यावर संपवता येईना, कारण त्या सहा आणि पंधराच्या पोटात काय काय आहे ते मी बघितलं होतं.

त्याआधी एजन्सीचं, म्हणजे पैसे घेऊन आपलं इन्स्टाग्राम चालवणाऱ्या कंपनीचं, सांगते. हे वहीच्या आधीचं आहे, २०२३ मधलं. वही घालायची बुद्धी त्यातूनच झाली. दिवाळीच्या तीन महिने आधी एका मोठ्या शहरातल्या एजन्सीचा फोन आला. त्या मुलाने आमचे फोटो बघितले होते, गोड बोलत होता. महिना ६,००० रुपये, तीन महिन्यांचे १८,०००, त्यात दर महिन्याला बारा पोस्ट आणि चार रील. "तुम्ही फक्त माल करा, बाकी आमच्यावर सोडा," असं म्हणाला. आम्हाला ते फार बरं वाटलं. दिवसभर करवंटीच्या भुग्यात बसणाऱ्या माणसाला आणखी काय हवं असतं?

तीन महिन्यांत एजन्सीचं एकही माणूस इकडे फिरकलं नाही. पहिल्या आठवड्यात फोटो मागितले, मी फोनवरचे पाठवले. पुढे माझ्याकडचे फोटो संपले तसे त्यांनी आपल्याकडचे टाकायला सुरुवात केली. नवरात्रात एक फोटो आला: चकचकीत काळीभोर वाटी, आतून आरशासारखी गुळगुळीत, वर कापलेली फळं आणि ओट्स. वाटी सुरेख होती, पण आमची नव्हती. मी त्यांना तसं कळवलं, तर उत्तर आलं, "मॅडम, रेफरन्स इमेज आहे, लोकांना कळतं." लोकांना ते कळत नाही. नाशिकच्या एका बाईंनी तोच फोटो पाठवून सहा वाट्या मागवल्या आणि पैसेही भरले. मी त्यांना आमच्या वाटीचा खरा फोटो पाठवला तेव्हा त्या म्हणाल्या, "पण मला ती हवी आहे." पैसे परत केले. तशा वाट्या व्हिएतनामहून येतात, मशीनवर पॉलिश होतात, वर चकाकीचा जाड थर असतो. आमची वाटी मळकट तपकिरी असते, तिच्यावर करवंटीच्या उभ्या रेघा दिसतात, आणि दोन वाट्या कधी एकसारख्या येत नाहीत. ज्याला ती आवडते त्याला तेच आवडतं. दुसऱ्याची वाटी दाखवून आमची कशी विकली जाणार?

फॉलोअर मात्र वाढले, ६४० चे ४,९०० झाले. एजन्सी दर सोमवारी रंगीत आलेख पाठवायची. एक रील चाळीस हजार लोकांनी बघितलं म्हणून त्यांनी अभिनंदन केलं. त्या रीलवरून आलेली ऑर्डर शून्य. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आमची जुनी माणसं, मुंबई-पुण्याची, सुट्टीत येऊन घेऊन जाणारी, विचारायला लागली, "हल्ली तुमचे फोटो दिसत नाहीत, बंद केलं की काय?" ओट्सच्या त्या फोटोंमध्ये त्यांना आम्ही ओळखूच आलो नव्हतो.

करार संपल्यावर आणखी एक कळलं. आमच्या खात्याला ईमेल आणि फोन नंबर एजन्सीचा लावलेला होता. आमचंच खातं परत हातात यायला सोळा दिवस गेले, तेही पुतणीने रोज फोन करकरून. म्हणून सांगते, मदत कुणाचीही घ्या, पण खात्याला ईमेल आणि नंबर आपलाच ठेवा, टू-स्टेपचा कोड (पासवर्डनंतर विचारतात तो) आपल्याच फोनवर येऊ द्या, आणि पासवर्ड कुणाला दिला असेल तर काम संपलं त्या दिवशी बदला. गाळ्याची चावी आपण भाडोत्र्याच्या मेहुण्याकडे ठेवत नाही, तसंच हे.

एजन्सी या प्रकाराला माझा सरसकट विरोध आहे असं नाही. पन्नास माणसांचा कारखाना असेल, एकसारख्या हजार वस्तू तयार असतील, तर त्यांचं गणित जमत असेल. तीन माणसांच्या वर्कशॉपसाठी मात्र मी ही सेवा पुन्हा घेणार नाही आणि कुणाला घ्या म्हणणार नाही.

आता बूस्टचं, म्हणजे पैसे भरून आपली पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं. इन्स्टाग्रामवर पोस्टखाली त्याचं बटण असतं. दाबलं की ते तीन गोष्टी विचारतं: तुम्हाला काय हवंय, कुणाला दाखवू, आणि किती पैसे किती दिवस. वर १८ टक्के जीएसटी लागतो, तो आधीच धरून ठेवावा. मी वर्षभरात पाच वेळा बूस्ट केलं, दर वेळी १८० रुपये रोज, पाच दिवस. एका वेळचे ९००, पाचांचे ४,५००, करासकट ५,३१०.

पहिल्या तीन वेळी "काय हवंय" याच्यापुढे मी प्रोफाइलच्या भेटी निवडल्या. कुणाला, तर अख्खा महाराष्ट्र, वय १८ ते ६५, आवड हस्तकला. तिन्हींचे मिळून ३,१८६ रुपये गेले आणि ऑर्डर आली एक, ४९० रुपयांची. तेव्हा मला फसल्यासारखं वाटलं. नंतर पुतणीने बसून समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही जे मागता ते करायची सवय असलेली माणसं इन्स्टाग्रामचं हे यंत्र शोधतं. भेटी मागितल्या की लोकांच्या प्रोफाइलवर जाऊन बघणारी माणसं आणतं. त्यांनी बघितलं आणि ती गेली. मी मागितलं ते मला मिळालं होतं, माझं मागणंच चुकलं होतं. आणि हस्तकलेची आवड असलेली माणसं म्हणजे कोण? आमच्यासारखीच हाताने काहीबाही करणारी! मेसेज आले तेही तसेच, "ताई, ग्राइंडर कुठला वापरता?", "भुग्याचा त्रास होत नाही का?" मी सगळ्यांना उत्तरं दिली, त्यात मला आनंदच आहे. (भुग्याचा त्रास होतो, मास्कशिवाय बसू नका.) पण त्याने वाटी विकली जात नाही.

चौथं आणि पाचवं बूस्ट मी जुलैअखेर आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात केलं. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. या वेळी मागितले मेसेज. जागा फक्त मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली. वय ३० ते ६०. आवडीनिवडीचं काही टाकलंच नाही. फोटोवर किंमत ठळक लिहिली, म्हणजे नुसतं "प्राइस?" विचारणारे तिथल्या तिथे कमी झाले. २,१२४ रुपये गेले, पाच ऑर्डर आल्या, ३,४५० रुपयांच्या. माल, खोकी आणि पोस्टाचा खर्च काढला तर हातात फारसं उरलं नाही. पण त्या पाचांतल्या दोघींनी महिन्याभरात पुन्हा मागवलं. ती बिलं मी वहीत जुन्या गिऱ्हाइकांमध्ये धरली आहेत.

म्हणजे तेच बटण, तेवढेच रोजचे पैसे, आणि फरक एवढा. चाकरमानी कुठे राहतो आणि त्याला गावची आठवण कधी येते हे आम्हाला ठाऊक आहे, यंत्राला ते आम्हीच सांगायला हवं. मुंबईतली घरं झाडून-पुसून मखरं निघत असतात, कोकण रेल्वेच्या तिकिटांसाठी मारामारी चाललेली असते, त्या पंधरा दिवसांत आमच्या माणसाला करवंटी दाखवली तर तो थांबतो. मार्चमध्ये त्याच माणसाला दाखवली तर बोट वर सरकवून पुढे जातो.

आता त्या दीड तासाकडे येते. फुकट पोस्ट, फुकट रील असं सगळे म्हणतात. मी एक आठवडा घड्याळ लावून बघितलं. जागा आवरणं, उजेड बघून बसणं, तीनदा शूट करणं, कापाकापी, मजकूर आणि नंतरची उत्तरं, असे मिळून एका रीलला तीन तास जातात. तीन तासांत दोन वाट्या होतात, म्हणजे ५६० रुपये. आठवड्याला दोन रील करा म्हणतात. महिन्याला आठ रील म्हणजे चोवीस तास, सोळा वाट्या, ४,४८० रुपये. ही रक्कम कुठल्याच बिलात दिसत नाही, पण ती आमच्याच पडवीतून जाते. हा हिशोब मांडल्यापासून मी सीझनमध्ये रील करणं बंद केलं. ऑक्टोबर ते मे हात करवंटीवर. जून ते ऑगस्ट पर्यटक नाहीत, समुद्र खवळलेला, हवेत एवढा दमटपणा की वाळत घातलेल्या करवंटीला बुरशी धरते. तेव्हा फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवायचे. लाइट जाते, नेटवर्क जातं, पण काढून ठेवायला नेटवर्क लागत नाही.

वर्षभरातली सगळ्यात मोलाची गोष्ट अशाच एका लाइट गेलेल्या दिवशी घडली. जून महिना, दुपारचे तीन, पण अंधारून आलेलं. सासूबाईंच्या स्वयंपाकघरातल्या दवलीचा दांडा मोडला होता. दवली म्हणजे करवंटीचा डाव, कुणी डवली म्हणतात. पूर्वी आमच्याकडे घराघरात असायची. पडवीत माडाच्या खोडाचा एक ठोकळा आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात परसातला माड पडला, त्याचा. त्यावर बसून त्या नवी दवली करायला लागल्या. करवंटी दोन पायांत धरलेली, कडेला समोरासमोर दोन भोकं. एक मोठं, एक बारकं. चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, काठी तासून टोकाकडे निमुळती केलेली. ती मोठ्या भोकातून आत घालायची, पोटातून पलीकडे न्यायची आणि बारक्या भोकात ठोकून बसवायची. खिळा नाही, गोंद नाही. ओली झाली की काठी फुगते आणि आणखी घट्ट बसते. पुतणी दारात बसली होती. तिने फोन धरला आणि एक्केचाळीस सेकंद घेतलं. गाणं लावलं नाही, पत्र्यावरच्या पावसाचा आवाज तेवढा होता. मला न विचारता तिने ते रात्री टाकून दिलं.

ते ३,१०० लोकांनी बघितलं. एजन्सीच्या रीलच्या मानाने काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवलीहून एका बाईंचा आवाजातला मेसेज आला. माहेर आचऱ्याचं. "काकी, ही दवली तुमी इकतास काय? माझ्या आवशीकडे अशीच होती. मातयेच्या मडक्यात स्टीलचो डाव नुसतो खरखरता." मी तो सासूबाईंना ऐकवला. त्या काम थांबवून ऐकत राहिल्या. पुन्हा लाव म्हणाल्या, पुन्हा ऐकला. मग म्हणाल्या, "दवली कोण इकत घेता गो? ती घराकच करतत."

आम्ही सहा वर्षं करवंटीचं काम करतोय. कॅटलॉगमध्ये वाट्या, चमचे, दिवे, बटणं, कानातली सगळं होतं. दवली नव्हती. ती विकायची वस्तू आहे हे आमच्या मनातच आलं नव्हतं, कारण ती स्वयंपाकघरात रोज समोर होती. डोंबिवलीच्या बाईंनी तीन मागवल्या, स्वतःला एक आणि दोघी बहिणींना. २३० रुपये किंमत ठरवताना सासूबाई संकोचल्या होत्या. गणपतीपर्यंत ९४ दवल्या गेल्या. मडक्यात शिजवणारे घेतात, नॉनस्टिक तव्या-कढईला चरे पडू नयेत म्हणून घेतात, आणि बरेच जण नुसत्या आईच्या आठवणीने घेतात. चौथ्या-पाचव्या बूस्टमध्ये जो फोटो होता तो दवलीचाच. "बहिणीने नंबर दिला" म्हणणाऱ्या ४६ जणांतलेही कित्येक दवलीचेच. सासूबाईंचं वय आता ७१ आहे. दांड्यांसाठी चिवा स्वतः निवडायला जातात, आणि करताना पोरीला सांगतात, "फोन धर गो, पण माझा तोंड नको."

म्हणून मी नवऱ्यासारखी वही मिटू शकत नाही. आकड्यांत इन्स्टाग्रामची बाजू लंगडी दिसते. पण आपल्याकडे काय आहे आणि लोकांना त्यातलं काय हवंय, हे त्या एका मेसेजने जेवढं कळलं तेवढं सहा वर्षांत दारावर कळलं नव्हतं. दारावर येणारा पर्यटक समोर मांडलेलं बघतो. जे मांडलेलंच नाही ते तो कसं मागेल?

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण त्याबद्दल तक्रारच नाही. अ‍ॅप फुकट आहे, कॅटलॉग लावता येतो, "पैसे आले", "पार्सल गेलं" अशी लेबलं लावता येतात. एकच लक्षात ठेवा. एकच मेसेज सगळ्यांना एकदम पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला असेल त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून दारावर आलेल्या प्रत्येकाला मी समोरच नंबर सेव्ह करायला लावते, "करवंटीवाल्या ताई, आरवली" अशा नावाने. ८३ बिलांमागे मुख्य हेच आहे. स्टेटसला नवा माल टाकला की संध्याकाळपर्यंत दोघा-तिघांची विचारणा येतेच. गूगलच्या नकाशावर नाव लावायलाही पैसे पडत नाहीत. फक्त पिन स्वतः जाऊन बरोबर जागी लावा. आमची आधी मुख्य रस्त्यावर पडली होती आणि लोक देवळाजवळून फोन करायचे.

फोटोंबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण परत आलेल्या मालापैकी बहुतेक फोटोमुळे परत आलाय. फोटोत वाटी कढईएवढी दिसते. "फारच लहान आलं हो," असं एका महिन्यात चौघांनी सांगितलं, आणि त्यांची काही चूक नव्हती. तेव्हापासून प्रत्येक फोटोत वस्तूशेजारी एक रुपयाचं नाणं असतं, आणि खाली इंच-सेंटिमीटर न लिहिता मी लिहिते: "हिच्यात दोन डाव आमटी मावते." त्यानंतर आकाराची एकही तक्रार आली नाही. दुसरी गोष्ट, वस्तूला काय चालत नाही तेही त्याच पोस्टमध्ये लिहा. मायक्रोवेव्ह नको, रात्रभर पाण्यात नको, महिन्यातून एकदा खोबरेल चोळा. पुण्या-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तेल नसेल तर करवंटी तडकते. हे आधी लिहिल्याने दोन गिऱ्हाइकं कमी होतील, पण भांडण होणार नाही. आणि पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. एकदा १,८५० रुपयांचं पार्सल असंच गेलं. बँकेचा मेसेज आल्यावरच आता खोकं बांधते.

पैसे टाकावेत की नाही, असं मला थेट विचाराल तर माझं मत असं. ज्या वस्तूचं नाव आधीच लोकांच्या तोंडी आहे तिला जाहिरातीची फार गरज नाही. सावंतवाडीची लाकडी खेळणी घ्यायला लोक चितारआळी विचारत येतात. पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी (चित्रं दाखवत सांगितलेल्या गोष्टी) बघायला माणसं वाट वाकडी करून जातात, आणि तिथले कलाकार परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर ते नाव आणखी लांब पोचलं. आमच्या आरवलीच्या वेतोबाला नवसाच्या मोठमोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात. त्या करणाऱ्या कारागिराकडे माणूस नवस घेऊन येतो, रील बघून नाही. ही नावं पिढ्यांनी केलेली आहेत. आमच्यासारख्या नव्या, नाव नसलेल्या वस्तूला कुणाला तरी दाखवावंच लागतं. पण दाखवायचं ते ओळखीच्या पाण्यात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला अख्खा गाव लागतो, आणि मासळी आली तर ती वाटून घ्यायला, विकायलाही गाव लागतो. आम्ही तीन माणसं. आम्हाला गरी, म्हणजे गळ, बरी. कुठला मासा, कुठली भरती, कुठलं आमिष हे ठरवून टाकलेली.

पुढल्या वर्षासाठी बूस्टला २,००० रुपये बाजूला काढलेत, तेही फक्त गणपतीआधीच्या तीन आठवड्यांसाठी. एजन्सीला शून्य. एजन्सीवर गेले होते तेवढे पैसे पुन्हा साठतील तेव्हा भुगा ओढून घेणारं मशीन घ्यायचं आहे, कारण नवऱ्याचा खोकला पावसातही थांबला नाही. आणि २०२५ मध्ये नारळ एवढा महागला की खाणावळवालेही करवंटी मोजून द्यायला लागलेत, कोळशासाठी नेणारे वेगळेच. तेव्हा कच्च्या मालासाठीही हातात काही ठेवायला हवं.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या वाडीतली एक काकी आली होती. सुपं, रोवळ्या, परड्या विणते. गौरीच्या ओवशाला, म्हणजे सुपात वाण घेऊन करायच्या पूजेला, तिचीच सुपं आजूबाजूच्या गावांत जातात, एरवी वर्षभर मागणी नाही. मुलगा म्हणतोय तीन हजार भरून जाहिरात करूया, म्हणून विचारायला आली. मी म्हटलं, काकी, पैसे राहू देत. गेल्या गौरीला सुपं कुणी कुणी नेली त्यांची नावं आठवतात का? तिने बोटांवर मोजत एकोणतीस घरं सांगितली, त्यातल्या अकरा घरांतल्या मुली लग्न होऊन मुंबईला. आम्ही त्या अकराजणींचे नंबर गोळा करायला बसलो. सात मिळाले आहेत. बुधवारी तिच्याकडे जाऊन सुपांचे आणि रोवळ्यांचे फोटो काढणार आहे. रोवळीत किती तांदूळ धुता येतात ते ती शेराने मोजून ठेवणार आहे.